लातूर ते फालमथ: आठवडाभराची कॅरिबियन क्रूझ

कॅरिबियनची क्रूझ ठरवताना सगळे आधी बोट बघतात. मजले किती, पोहण्याचे तलाव किती, थिएटर कसं आहे. आमच्या लेकीने उलटं केलं. तिने आधी बंदरं ठरवली आणि मग त्या बंदरांना लागणारी बोट शोधली. हेच बरोबर आहे असं मी आता कुणालाही सांगेन. बोटी सगळ्याच छान असतात. बंदरावर मात्र सहा-आठ तास मिळतात आणि ते कसे घालवायचे हे घरी बसूनच ठरवावं लागतं.

फ्लोरिडाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या सफरींचे मुख्य रस्ते दोन. पूर्वेकडचा सान हुआन, सेंट थॉमस, सेंट मार्टिन असा जातो. पश्चिमेकडचा जमैका, ग्रँड केमन आणि मेक्सिकोचं कोझुमेल असा. आम्ही पश्चिमेकडचा घेतला तो आत्याबाईंमुळे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. घर धारूर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात सगळं मोडलं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या आणि मामंजी टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे ऊस तोडायला जायचे. आमच्या ह्यांचं लहानपण कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत गेलं. पुढे हे शिकले, लातूरला नोकरीला लागले, आमची लेक अमेरिकेत गेली. जमैका साखरेवर उभा राहिलेला देश आहे, तिथल्या मळ्यांत हिंदुस्थानातून मजूर नेले होते, असं लेकीने फोनवर सांगितल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "मंग तितंच जाऊ की. बाकीचं तुमी बघा."

तयारी

पहिला प्रश्न हंगामाचा. या समुद्रात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात, आणि त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे दिवस जास्त धोक्याचे. त्या काळात तिकिटं स्वस्त मिळतात, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर तो मोह टाळावा. आम्ही जानेवारी धरला.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचा अमेरिकेचा व्हिसा, आणि तो मल्टिपल एंट्रीचाच हवा. बोट अमेरिका सोडून बाहेर जाते आणि परत अमेरिकेतच येते, त्यामुळे परतीच्या वेळी तुम्ही नव्याने प्रवेश करत असता. जमैकाला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मेक्सिकोला अमेरिकेचा चालू व्हिसा पुरतो. तरीही बुकिंग करताना प्रत्येक बंदराचा त्या वेळचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागून घ्यावा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी असावी.

विमा काढताना रुग्णाला बोटीवरून हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे नीट वाचावं. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं, आणि भर समुद्रातून माणसाला जमिनीवर न्यायचा खर्च कुणालाही झेपणारा नसतो. खोली घेताना आम्ही बाल्कनीपेक्षा जागा बघितली. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर हलणं कमी जाणवतं. ज्यांना एसटीत मळमळतं त्यांनी तीच घ्यावी.

जेवणाचं आधीच कळवून ठेवलं होतं. 'भारतीय शाकाहारी' असं बुकिंगमध्ये नोंदवता येतं आणि पहिल्या रात्री हेड वेटरला भेटून पुन्हा सांगितलं की रोज एक भाजी, डाळ, भात वेगळा करून देतात. शेंगदाण्याची चटणी मात्र घरचीच नेली होती, पाकीटबंद करून.

लातूरहून आम्ही उदगीर, बिदर, जहिराबाद करत हैदराबादला गेलो आणि तिथून विमानाने अमेरिकेत. लेकीकडे ऑर्लँडोला काही दिवस थांबून, बोट सुटायच्या आदल्या दिवशी मायामीत मुक्कामाला पोचलो. आदल्या दिवशी पोचणं हा या सगळ्या नियोजनातला बिनतोड नियम आहे. विमान रद्द झालं, गाडी अडकली, तरी बोट कुणासाठी थांबत नाही.

रविवार, मायामी

बंदरावर बॅगा आधीच घेतात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीसमोर येतात. त्यामुळे औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. आत गेल्यावर एक कार्ड मिळतं. खोलीची किल्ली, पैशाचं पाकीट आणि बोटीवर चढण्या-उतरण्याचा परवाना, सगळं तेच. आत्याबाईंचं कार्ड लेकीने दोरीत ओवून त्यांच्या गळ्यात घातलं.

सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सक्तीची असते. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. आत्याबाईंनी ते भोंगे बोटावर मोजले. चार-साडेचारला बोट हलली आणि मायामी बीचच्या उंच इमारतींच्या अगदी जवळून, अरुंद खाडीतून बाहेर पडली. किनाऱ्यावरची माणसं हात हलवत होती. आत्याबाईही, ओळखपाळख नसताना, ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिल्या.

सोमवार, समुद्रात

दिवसभर जमीन नाही. क्यूबाला वळसा घालून दक्षिणेकडे जायचं असतं.

आमच्या मजल्यावर सफाईला रत्नागिरीकडचा एक मुलगा होता. मराठी ऐकून तो दारातच थबकला. आत्याबाईंना एकच प्रश्न सकाळपासून पडला होता आणि तो त्यांनी त्याला विचारला, "बाळा, हजारो माणसं आंघोळी करत्यात, तळी भरल्यात. येवढं गोडं पाणी कुटून आणता?"

"आजी, समुद्राचंच आहे ते," तो म्हणाला. "इंजिनाची उष्णता वापरून त्याची वाफ करतात आणि वाफ थंड करून पाणी. शिवाय दाबाने गाळणारी मशिनंही आहेत. थोडं बंदरावर भरून घेतात."

लातूरच्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने आमच्या शहराला पाणी आणलं होतं. १२ तारखेला पहिली गाडी आली, १० वाघिणींत ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. आम्ही घागरी घेऊन रात्री-रात्री जागलो आहोत. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे बोटीवरचा उपाय आमच्या कामाचा नाही, हे मलाही कळतं. पण पाणी पैदा करायला किती इंधन, किती यंत्रं लागतात हे त्या मुलाकडून ऐकल्यावर आत्याबाईंनी आठवडाभर आंघोळीला पाणी मोजूनच घेतलं, आणि मला ते फार बरोबर वाटलं.

मंगळवार, फालमथ

सकाळी जाग आली तेव्हा समोर हिरवे डोंगर. जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरचं फालमथ हे छोटं गाव, ट्रेलॉनी परगण्याचं मुख्य ठिकाण. मोठ्या बोटींसाठीचा धक्का इथे २०११ मध्ये झाला. धक्क्याच्या आत दुकानांचं एक सजवलेलं संकुल आहे आणि बहुतेक प्रवासी तिथेच खरेदी करून परततात. फाटकाबाहेर पडलं की खरं गाव सुरू होतं, म्हणून फाटकाबाहेर पडावंच. आम्ही परवानाधारक स्थानिक गाईड आणि गाडी आधीच ठरवली होती.

गाव वसलं १७६९ साली. साखरेच्या भरभराटीच्या काळात आसपास शंभराच्या घरात मळे होते आणि बंदरात जहाजांची दाटी असायची. ती श्रीमंती रस्त्यांवर अजून दिसते: सरळ आखलेल्या गल्ल्या, लाकडी झिलमिलींची, जुन्या इंग्रजी 'जॉर्जियन' धाटणीची घरं, काही राखलेली, काही पडायला आलेली. मधल्या चौकाचं नाव वॉटर स्क्वेअर. मार्था ब्रे नदीचं पाणी रहाटाने उचलून इथल्या हौदात आणलं होतं आणि न्यूयॉर्कच्याही आधी आमच्या गावात नळ आला, असं गाईडने छाती पुढे काढून सांगितलं. आमचे हे तिथे बराच वेळ उभे राहिले. नळाला पाणी येणं ही गावाच्या अभिमानाची गोष्ट असू शकते, हे लातूरकराला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

तिथून विल्यम निब यांच्या नावाच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेलो. गुलामगिरीविरुद्ध उभा राहिलेला हा पाद्री. जमैकात गुलामांना पूर्ण मुक्ती मिळाली १ ऑगस्ट १८३८ रोजी. ३१ जुलैच्या मध्यरात्री निब आणि त्याच्या मंडळींनी एक शवपेटी आणली, तिच्यात बेडी, चाबूक, गळ्यातलं लोखंडी कडं ठेवलं आणि ती पेटी माणसाला पुरतात तशी पुरली. मी हे वाक्यावाक्याने आत्याबाईंना सांगत होते. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले.

मुक्ती मिळाल्यावर मळ्यांवर मजूर कमी पडू लागले, म्हणून मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिलं. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल' हे जहाज पहिले मजूर घेऊन जमैकाच्या दक्षिण किनाऱ्यावर ओल्ड हार्बरला लागलं. १९१७ पर्यंत ३६ हजारांहून जास्त माणसं आली. मराठी मुलखातली नव्हेत, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, कलकत्त्याहून निघालेली. करार पाच वर्षांचा. मुदत संपल्यावरही बहुतेक परतले नाहीत. बकऱ्याचं झणझणीत कालवण आणि रोटी हे जमैकाचं घरोघरचं जेवण झालं ते त्यांच्यामुळे.

मला या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. गुलामगिरी वेगळी, कराराची मजुरी वेगळी, आणि बीड जिल्ह्यातली ऊसतोड वेगळी. तिन्हींना एका मापात मोजणं हा पहिल्या दोहोंत मेलेल्यांचा अपमान होईल. पण आधी पैसे घ्यायचे, मग त्या पैशापायी घर सोडायचं, हिशेब दुसऱ्याच्या वहीत आणि फिटलं की नाही हे सांगणारही तोच, हा फास आत्याबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुकादमाची उचल त्यांनी स्वतः फेडली आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' अशी मोजदाद त्यांच्याही वाट्याला आली आहे.

चर्चनंतर गाडी गावाबाहेर काढली. हॅम्पडन नावाची जुनी रम बनवण्याची इस्टेट याच परगण्यात आहे आणि तिच्या वाटेवर उसाचे फड लागतात. एका ठिकाणी तोड चालू होती. गाईडने विचारून परवानगी काढली आणि आम्ही बांधावर उतरलो. आधी फड पेटवून पाचट जाळलेलं, उभ्या उसाचे बुडखे काळे पडलेले. तोडणाऱ्यांच्या हातात रुंद पात्याचं हत्यार. एक घाव बुडाशी, दुसरा शेंड्याला, ऊस बाजूला. आत्याबाईंनी खाली पडलेला एक ऊस उचलला. अंगठ्याने कांडी दाबून बघितली, डोळे चाचपले, टोकाकडून वळून बुडाकडे आल्या.

"पेरं आखूड हाय," त्या ह्यांना म्हणाल्या. "पाणी कमी पडलंय याला." मग इकडेतिकडे पाहत, "वाढं असंच पडलंय की रं! ह्यांच्यात जनावरं न्हाईत व्हय?"

आपल्याकडे उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढं, पेंढ्या बांधून विकतात. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या हातात रोजचा चहा-मिठाचा पैसा येतो तो त्यातूनच. हे लेकीने गाईडला इंग्रजीत सांगितलं, गाईडने तोडणाऱ्यांना. त्यांच्यातला एक पिकल्या दाढीचा माणूस हत्यार खाली ठेवून पुढे आला आणि आत्याबाईंच्या हाताकडे बोट दाखवून काहीतरी बोलला. गाईड म्हणाला, तो विचारतोय, या बाईंनी किती वर्षं हे काम केलं? त्यांच्या तळहातावर जुने घट्टे आणि करंगळीजवळ कोयत्याची खूण आहे. आत्याबाईंनी बोटं दाखवत सांगायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. त्या माणसाने स्वतःचा तळहात उलटा करून पुढे केला. त्याच्याही करंगळीच्या खाली तसाच वण.

दुपारी मार्था ब्रे नदीवर बांबूच्या तराफ्यातून गेलो. तीस फूट लांब तराफा, दोन माणसांची बैठक, तराफेवाला उभा राहून बांबूने रेटतो. साधारण तासाभराची सफर आणि वयस्कर माणसाला पूर्ण झेपणारी. याच परगण्यातल्या शेरवूड कंटेंट या खेड्यात उसेन बोल्ट जन्मला, हे तराफेवाल्याने आवर्जून सांगितलं. रस्त्यावर सोललेल्या उसाच्या कांड्या पिशवीत भरून विकतात, त्या घेतल्या आणि धक्क्याआधीच संपवल्या. ताजी फळं, भाज्या, ऊस बोटीवर चढू देत नाहीत.

एक सूचना. बोटीकडून घेतलेली सहल उशिरा आली तर बोट तिच्यासाठी थांबते, स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी नाही. आम्ही सगळीकडे स्वतः गाडी ठरवली, कारण त्याशिवाय फड बघायला मिळाला नसता, पण परतीची वेळ शेवटच्या वेळेच्या दीड तास आधीची धरली.

बुधवार, ग्रँड केमन

इथे मोठ्या बोटींना धक्का नाही. बोट समुद्रात उभी राहते आणि लहान नावांतून जॉर्ज टाउनला नेतात. गुडघे दुखत असतील तर गर्दी ओसरल्यावरची नाव घ्यावी, खलाशी हाताला धरून नीट उतरवतात. शेवटची नाव कितीला आहे ते उतरतानाच पाहून ठेवावं.

लेक, जावई आणि हे पाकट मासे बघायला गेले. नॉर्थ साउंडमध्ये कमरेएवढ्या पाण्यातला वाळूचा उंचवटा आहे. पूर्वी कोळी तिथे मासळी साफ करायचे, त्या खाण्यासाठी पाकट जमू लागले आणि आता ते माणसाला बुजत नाहीत. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा, म्हणजे पाकट पायाखाली येत नाही. जावई म्हणाले, अंगाला घासून गेला की ओल्या मखमलीसारखा लागतो.

मी आणि आत्याबाई सेव्हन माइल बीचवर सावलीत बसलो. या बेटावर एकही नदी नाही. जमीन चुनखडीची, पाऊस पडला की मुरून जातो. पूर्वी लोक छपरावरचं पाणी घराच्या हौदात साठवत, आता समुद्राचं पाणी गोडं करून नळाला देतात. पैशांचं मात्र बघून करावं. केमनचा डॉलर अमेरिकन डॉलरपेक्षा महाग आहे आणि दुकानातली किंमत कोणत्या डॉलरात लिहिली आहे हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

गुरुवार, कोझुमेल

कोझुमेलहून तुलुमचे माया संस्कृतीचे अवशेष बघायला जाता येतं, पण त्यासाठी पाऊण तासाची फेरी, मग रस्ता, आणि तेवढंच परत. आत्याबाईंना घेऊन ते नको म्हणून बेटावरच्याच सान हेर्वासिओला टॅक्सीने गेलो. इशचेल देवीचं हे ठाणं. चंद्र, बाळंतपण आणि औषधं यांची देवी. माया बायका समुद्र ओलांडून होडीने इथे दर्शनाला यायच्या, आयुष्यात एकदा तरी. आता उरलेत दगडी चौथरे, एक कमान आणि झाडीतून गेलेला पांढरा रस्ता. चौथऱ्यांवर घोरपडीसारखे दिसणारे मोठाले इग्वाना सरडे ऊन खात पडलेले असतात.

दुपारी गावात, समुद्रापासून चार गल्ल्या आत एका खाणावळीत गेलो. एक बाई मक्याच्या पिठाचा गोळा दोन्ही तळहातांवर थापत होती आणि तव्यावर टाकत होती. आत्याबाई उठून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. भाकरी थापताना आपण परातीत, पिठावर, एका हाताने फिरवतो. तिचं सगळं हवेत, या हातावरून त्या हातावर. उलटताना पाणी फिरवत नव्हती. तरी ती मक्याची भाकरी फुगवण्याची वेळ तिची अगदी बरोबर. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, म्हणजे साल सुटते, पीठ चिकट होतं आणि त्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. हे तंत्र तिकडे हजारो वर्षांचं आहे. त्या बाईने एक गोळा आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो टेबलावर, आपल्या पद्धतीने थापला आणि तव्यावर टाकला. टम्म फुगली.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: कोझुमेलचं घड्याळ वर्षभर एकच असतं, अमेरिकेचं मात्र मार्चमध्ये एक तास पुढे जातं. परतायचं ते बोटीच्या घड्याळाने.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवार समुद्रात गेला. कपडे धुणं, झोप, आणि हिशेब. टिपांचे पैसे माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर खात्यात आपोआप लागतात, ते बजेटमध्ये आधीच धरावेत. रत्नागिरीच्या मुलाला आत्याबाईंनी वेगळे दिले आणि उरलेली चटणीही.

शनिवारी बहामातलं एक बेट होतं. उत्तरेकडून वारा आला आणि कॅप्टनने बोट लावली नाही. हिवाळ्यात हे नेहमीचं आहे. बंदराचे कर खात्यात परत जमा झाले. ज्या बंदरासाठी एवढ्या लांबून जायचं ते या छोट्या बेटांच्या भरवशावर ठेवू नये, एवढंच.

रविवार, पुन्हा मायामी

मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी उतरून, इमिग्रेशन करून, बॅगा शोधून बाहेर पडायला दहा वाजतात, म्हणून परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नये.

ऑर्लँडोच्या रस्त्यावर आत्याबाईंनी विचारलं, "त्या जमैकापरीस लई माणसं नेली ती कुटं?" लेकीने त्रिनिदादचं सांगितलं. तिथे ३० मे १८४५ ला पहिलं जहाज लागलं आणि आजही लोकसंख्येचा मोठा भाग भारतीय वंशाचा आहे. फ्लोरिडाच्या आठवडाभराच्या बोटी तितक्या दक्षिणेला जात नाहीत, त्यामुळे तिथे विमानानेच जावं लागेल. ३० मे हा दिवस तिथे सुट्टीचा असतो, आणि तो वादळांचा हंगाम सुरू व्हायच्या दोनच दिवस आधी येतो. आत्याबाईंनी ह्यांना पासपोर्टची मुदत बघायला सांगितली आहे.